काट्याची चकली

माशाची मुंडी फेकायची नसते, हे माझ्या सासूनं मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवलं. ती साहेबाला द्यायची नसते, हे मात्र तिनं कधी शिकवलं नाही. एवढं साधं कोणालाही ठाऊक असणारच, असं तिला वाटलं असावं. मला ठाऊक नव्हतं. माझं माहेर पुण्याचं. आमच्याकडे अंडंसुद्धा आजी गावाला गेली की मगच उकडायचे.

सासूचं नाव कमळाबाई. पनवेलच्या कोळीवाड्यात खाडीच्या अंगाला तिचं घर आहे, खाली दोन खोल्या आणि वर गच्ची. सकाळी ती मार्केटात मासळी विकते, दुपारी घरी येते. घरात आम्ही तिघं होतो: ती, तिचा एकुलता एक मुलगा हरेश आणि मी, रुचिरा. हरेश तळोज्याच्या एका मासळी कारखान्यात लाइनवर सुपरवायझर होता, मी तिथेच क्वालिटीत. मासे तपासता तपासता नवराही तपासून घेतला हिनं, असं तो सगळ्यांना सांगायचा. फेब्रुवारीत कळंबोलीला एका ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला मागून धडक दिली आणि तो जागच्या जागी गेला. हे मी एका वाक्यात सांगते, कारण मला ते तेवढंच सांगता येतं.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. दुःखसुद्धा वाटेना. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, रडून घे गो, मोकळी होशील. मी प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. शिंक येणार म्हणून माणूस तोंड वर करून थांबतो आणि ती येतच नाही, तशी मी थांबून राहायचे. मग कंटाळून भांडी घासायला घ्यायचे. जेवणाची चव कळायची, खारट तिखट सगळं कळायचं, पण आवडलं की नाही हे कळायचं नाही. फूड टेक्नॉलॉजी शिकलेल्या बाईला हे म्हणजे अगदीच शोभून दिसत होतं.

सासूसुद्धा रडत नव्हती. पहिल्या दिवशी रडली तेवढीच. आम्ही दोघी एका घरात भाड्यानं राहणाऱ्या दोन अनोळखी बायकांसारख्या वागायचो. चहा घेणार का, घेते. दार लावलंस का, लावलं.

आता चकलीचं सांगते.

कारखान्यात राणी मासा यायचा. त्याचं मांस काढून त्याची पेस्ट करायची आणि ती परदेशी पाठवायची. उरलेली मुंडी, मधला काटा, शेपटी निळ्या पिंपांत भरायची. ते पिंप कोंबड्यांच्या खाद्याला जायचं. एकदा जेवताना हरेश म्हणाला, "आईकडे बघ. एकसष्ट वर्षांची आहे, डोक्यावर पाटी घेऊन चालते, आजवर एक हाड मोडलं नाही. का? जन्मभर मुंड्या आणि काटे चघळलेत तिनं. आणि आम्ही मधले तुकडे खाऊन तिशीत कंबर धरून बसतो. तू एवढी शिकलीस, त्या पिंपाचं काहीतरी कर ना."

तो चेष्टेत बोलला, पण गोष्ट खरी होती. या घरात माशाची वाटणी ठरलेली. मधली तुकडी पुरुषाची आणि पाहुण्याची. मुंडी आणि शेपटी बायकांची. यात कोणी कोणावर जुलूम करत नव्हतं. मुंडीतली चव मधल्या तुकडीत नसते हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं आणि एकीनंही ते नवऱ्याला सांगितलेलं नाही. पण मान म्हणाल तर तो तुकडीला. पाहुण्याच्या ताटात चुकून मुंडी गेली तर त्या घराचं नाव वाड्यात आठवडाभर चघळलं जातं.

मी काटे आणले, तपासले. वाळवून दळलेल्या काट्यात कॅल्शियम इतकं होतं की मी दोनदा आकडे तपासले. मग त्याचा वास घालवण्यात तीन महिने गेले. थंड पाण्यात धुवायचं, कल्ले काढायचे, कुकरला मऊ होईपर्यंत शिजवायचं, लिंबाच्या पाण्यात ठेवायचं, वाळवायचं, भाजायचं, दळायचं आणि वस्त्रगाळ करायचं. हे सगळं करून ती पूड तांदळाच्या भाजणीत घातली की चकली होते. शेजारणीला खायला दिली तर ती विचारते, कसल्या पिठाची गो? हरेशनं पहिली खाल्ली आणि म्हणाला, "वाईट नाही." त्याच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं.

तो गेल्यावर मी कारखान्याची नोकरी सोडली. रोज त्याच लाइनसमोरून जायला लागायचं. चकली मात्र सुटली नाही. का सुटली नाही, विचाराल तर मला सांगता यायचं नाही. हातपाय चालू होते, त्यांना काम हवं होतं.

पोषणाचं काम करणाऱ्या एका संस्थेनं गरोदर बायकांना द्यायचा खाऊ म्हणून ही चकली घ्यायची तयारी दाखवली. चाळीस अंगणवाड्या, एक वर्ष. अट एकच होती: शंभर ग्रॅम चकलीत निदान आठशे मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, आणि तसा प्रयोगशाळेचा अहवाल हवा. आम्ही चौघी होतो. मी, सासू, शेजारची भामा आणि तिची जाऊ जनी. भामाचा हात पिठाला चांगला, जनी सोऱ्यावर बसली की चकलीचे काटे एकसारखे उठायचे. पूड करायचं काम माझं. सासूला आम्ही तळणावर ठेवलं होतं, म्हणजे तिनंच स्वतःला ठेवलं होतं.

या अहवालावर माझं काय अवलंबून होतं ते आत्ताच सांगते. माझा भाऊ राजस पुण्याला असतो. त्यानं चाकणच्या एका बिस्किट कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला होता आणि तिथून पत्रही आलं होतं. तीन नोव्हेंबरला, बुधवारी हजर व्हायचं. मी मनाशी ठरवलं होतं की अहवाल चांगला आला तर मला या घरात राहायला कारण आहे. नाही आला तर नाही. विधवा सुनेनं सासूकडे नुसतं राहायचं, दोघींनी एकमेकींना चहा विचारत म्हातारं व्हायचं, हे मला जमणार नव्हतं. हे मी कोणाला बोलले नाही. पत्र कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं आणि सासूला वाचता येत नाही म्हणून निर्धास्त राहिले. माझ्यासारख्या शिकलेल्या बायकांची हीच गंमत असते.

नमुना पाठवायचा दिवस ठरला सप्टेंबरच्या शेवटी. मी पूड तयार करून, अर्धा किलोची पिशवी सील करून, त्यावर माझ्या अक्षरात "काट्याची पूड, नमुन्यासाठी" असं लिहून ठेवली. भामा आणि जनीला प्रमाण पाठ होतं. नेमका त्याच दिवशी कळंबोलीच्या पोलीस ठाण्यातून फोन आला, गाडी सोडवून न्या. हरेशची मोटरसायकल सात महिने तिथल्या आवारात पडून होती.

मी गेले. गाडीवर धूळ होती, सीटमधून गवताचं एक पातं वर आलं होतं. हवालदारानं विचारलं, "चालवत नेणार की टेम्पो?" मी म्हटलं, टेम्पो. चार ठिकाणी सह्या केल्या. मला वाटलं होतं, गाडी बघितली की तरी काहीतरी होईल. काहीच झालं नाही. मागचा दिवा फुटलेला होता, तो बघून मनात आलं की आता हा दिवा मिळणार कुठे. बस, एवढंच. मला माझीच चीड यायला हवी होती. तीही आली नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा नमुना तळून, गार करून, तीन पाकिटांत भरून तयार होता. सासूनं ती पाकिटं देव्हाऱ्यासमोर ठेवली होती. "बघ, कसा झालाय," म्हणाली. मी एक चकली मोडली. खुसखुशीत होती. तोंडात टाकली, खारट लागली. मी विचार केला, माझ्याच जिभेचं काय खरं आहे हल्ली. पाकिटं कुरिअरला दिली.

अहवाल ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मोबाइलवर आला. मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला. प्रथिनं भरपूर, अपेक्षेच्या पुढे. कॅल्शियम शहाण्णव. मला वाटलं, एखादा आकडा गळला असेल. नव्हता गळला. साध्या चकलीत असतं त्याच्या जरासं वर. खाली शेरा होता: कॅल्शियमयुक्त असल्याचा दावा सिद्ध होत नाही.

ठीक आहे, मी म्हटलं. म्हणजे चाकण. मला वाईट वाटलं नाही, आणि हेच मला विचित्र वाटलं. मी कपाटातली बॅगही खाली काढली. पण शिकवलेलं पोपट विसरत नाही. अहवालाच्या रकान्यांवरून माझी नजर पुन्हा एकदा फिरली आणि मिठावर अडकली. आमच्या कृतीत मीठ जेवढं, त्याच्या अडीचपट. काट्याच्या पुडीत मीठ नसतं. मी तर घातलं नव्हतंच. मग हे आलं कुठून?

मीठ कशात असतं? खारवलेल्या माशात.

मी मांडणीवरचे डबे काढायला सुरुवात केली. तिसऱ्या डब्यामागे माझी पिशवी सापडली. सील जसंच्या तसं. माझं अक्षर जसंच्या तसं.

गच्चीत गेले. तिथं दोरीवर आणि सुपात सुरमईच्या तुकड्या वाळत होत्या, मीठ लावलेल्या, मधल्या, नीट गोल कापलेल्या. त्या तिथं रोजच असायच्या. सासू रोज आपल्या पाटीतली एक छोटी सुरमई घरी ठेवायची, कापायची, मुंडी आणि शेपटी आमच्या दोघींच्या कालवणात टाकायची आणि मधल्या तुकड्या बाजूला काढायची. त्या कोणी खायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना मीठ लावून गच्चीत नेऊन टाकायची. फेब्रुवारीपासून मी ते बघत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

सासू मार्केटातून आली. पाटी उतरवली, पाय धुतले. मी पिशवी तिच्यासमोर धरली.

"आई, हे काय आहे?"

तिनं पिशवीकडे बघितलं आणि बिनधास्त म्हणाली, "ती मुंड्यांची पूड. ऱ्हायली ती."

"राहिली? मग नमुन्यात काय घातलंत?"

"सुरमय," ती म्हणाली. तोंडावर चक्क अभिमान. "खारी होती ती धुतली, भाजली, मिक्सरला लावली. भामा बोलली, चांगली हाय. जनी पन बोलली. सायबाला मुंड्या धाडाच्या? मानसं काय बोलतील गो? हरेशच्या घरानं मुंड्या धाडल्या बोलतील."

आणि तेव्हा मला राग आला.

मी हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आठ महिन्यांत मला आलेली ती पहिली गोष्ट होती. पायाच्या अंगठ्यापासून आला. माझे कान गरम झाले. मी ओरडले. "अहो, मुंड्या तपासायलाच पाठवायच्या होत्या! मुंड्याच! कॅल्शियम काट्यात असतं, तुकडीत नसतं, हे तुम्हाला शंभर वेळा सांगितलं. अक्कल गहाण ठेवली होती का तुम्ही तिघींनी? नापास झालो आपण. गेलं सगळं. तुमच्या मानापानापायी गेलं!"

"आवाज खाली कर," सासू म्हणाली.

"नाही करणार!"

"मंग माजा पन आईक." आणि तिचाही आवाज चढला. मार्केटात तीस वर्षं गिऱ्हाइकाशी वाद घातलेला आवाज तो, माझा त्यापुढे काय टिकणार. "माला नापास कराचा व्हता का? पास व्हावा म्हनून घातली सुरमय! घरात हाय त्यातला चांगला घातला. तुजा पुन्याचा कागद आलाय ना? कपाटात ठेवलास तो? भामाच्या रोशनीनं वाचून दावला माला. कालेजात जाते ती, सगला वाचता येतं तिला. तीन तारखेला हजर व्हायाचा. माला वाटला, सायबाला माल आवडला तं पोरगी ऱ्हाईल. म्हनून घातली. कललं?"

कळलं. नीट कळलं. मला ठेवून घ्यायला तिनं जे केलं त्यानंच माझं जाणं पक्कं झालं होतं, आणि तिला ते अजून उमजलेलं नव्हतं. मला तिचा इतका राग आला होता आणि तिची इतकी कीव आली होती की दोन्ही मिळून मी भलतंच बोलले.

"आणि ही सुरमई रोज कोणासाठी आणता? मी खात नाही. तुम्ही खात नाही. कोणासाठी बाजूला काढता रोज?"

दारात भामा उभी होती, कधीची कोण जाणे. आमच्याकडे बघून ती परत गेली. नंतर जनीला म्हणाली म्हणे, बरा वाटला, आज त्या घरात मानसं हायेत असा वाटला. सासू गच्चीत गेली. मला वाटलं, रडायला गेली. तर ती सुपातल्या तुकड्या उलटवत होती, उन्हाची बाजू बदलून.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत फोन लावला. आमचं काम बघणारे अधिकारी म्हणजे चारुदत्त साहेब. पन्नाशीचा, कोरडा, नियमानं चालणारा माणूस. मी म्हटलं, नमुना चुकीचा गेला, दुसरा घ्या. ते म्हणाले, "मॅडम, प्रत्येकाचा नापास नमुना चुकीचाच गेलेला असतो." मला पुन्हा राग आला. राग आता हाताशी होता, बरं वाटत होतं. मी म्हटलं, "तुम्ही स्वतः या. कच्चा माल बघा, तुमच्यासमोर शिजवते, तुमच्यासमोर दळते, तुम्हीच सील करा." त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "एकच दिवस मोकळा आहे. तीन तारीख, बुधवार. आणि पहिला नमुना का चुकला त्याचं कारण मला लेखी द्या, फाइलला लावावं लागतं."

तीन तारीख. दुसरी कुठली मिळणार म्हणा.

मी चाकणला फोन करून आठ दिवस मागितले. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या की दुसरे उमेदवार रांगेत आहेत. मग राजसचा फोन आला. "रुचू, मी कोणाकोणाला सांगून ठेवलं होतं, कल्पना आहे तुला? तिथे कशासाठी थांबतेयस?"

"तो आकडा चुकीचा आलाय," मी म्हटलं. "मला तो बरोबर यायला हवाय."

"आकड्यासाठी?"

"हो."

मी त्याग वगैरे केलेला नाही, आणि केला असं कोणी माझ्या तोंडावर म्हटलं तर मला आवडणारही नाही. माझ्या नावानं प्रयोगशाळेत शहाण्णव हा आकडा नोंदला गेला होता, त्यानं मला झोप येत नव्हती. आणि सासू एकटीच गच्चीत तुकड्या उलटवत बसेल, त्यानंही येत नव्हती. यातलं कुठलं कारण मोठं, ते मी मोजलेलं नाही.

लेखी कारणाचा अर्ज लिहायला बसले. तांत्रिक कारणामुळे, असं लिहिलं आणि खोडलं. अनवधानानं, असं लिहिलं आणि खोडलं. अनवधान कसलं, तिघी बायकांनी विचार करून केलं होतं. शेवटी एकच ओळ लिहिली: "आमच्याकडे पाहुण्यांना मुंडी वाढत नाहीत, त्यामुळे तपासणीच्या नमुन्यात काट्याच्या पुडीऐवजी सुरमईची मधली तुकडी वापरली गेली." खाली सही केली.

तो दुसरा नमुना पास झाला, नऊशे चाळीस आला आणि काम मिळालं, हे आत्ताच सांगून टाकते. उगाच तुमचा जीव टांगणीला नको. मला सांगायचं आहे ते बुधवारचं.

बुधवारी सासू मार्केटात गेली नाही. ठेवणीतलं लुगडं नेसली, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळला. मी म्हटलं, आई, तळायचं आहे, गजरा कशाला? म्हणाली, "सायेब येतात." कारखान्यातून बर्फात घातलेले राणी माशाचे काटे आणि मुंड्या आल्या होत्या, ताज्या, अजून गुलाबी. भामानं आणि जनीनं ते टब अंगणात मांडले. दहा वाजता चारुदत्त साहेब एसटी स्टँडवरून रिक्षानं आले. हातात एक फाइल, खांद्याला नमुन्यांची पेटी.

ते आत येताच सासू टबासमोर जाऊन उभी राहिली. नुसती उभी नाही, पदर पसरून. पाहुण्याच्या नजरेला मुंड्या पडू नयेत म्हणून.

"आई," मी म्हटलं, "बाजूला व्हा. त्यांना तेच बघायचंय."

ती हलली नाही. तिचा चेहरा मला अजून दिसतो. चारचौघांत कोणीतरी घरातलं फाटकं अंथरूण बाहेर काढा म्हणावं, तसं तिला झालं होतं. भामा जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, इथं पुन्हा भांडावं लागणार. पण ती बाजूला झाली. खाली बसली, टबात दोन्ही हात घातले आणि एक मुंडी उचलून साहेबांपुढे धरली.

"ही," ती म्हणाली. "ह्याच आमी खातो. बाया."

साहेबांनी वाकून बघितलं, फोटो काढला आणि वजन लिहून घेतलं. माणूस कोरडा, पण नाक मुरडलं नाही; तेवढ्यासाठी मी त्यांना बरंच माफ केलं. मग कामाला लागलो. मी कल्ले काढत होते, सासू धूत होती, जनी कुकर मांडत होती. साहेबांनी दारातल्या ओट्यावर फाइल उघडली आणि फॉर्म भरायला घेतला. पाणी कुठलं, नळाचं. शेगडी कसली, गॅसची. कामाची जागा वेगळी आहे का, नाही, घरच आहे.

"घरात राहणारी माणसं किती?" त्यांनी विचारलं. स्वच्छतेच्या फॉर्मात तो रकाना असतो.

मी तोंड उघडलं. आठ महिन्यांत हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला होता. गॅसवाल्यानं, मतदार यादीवाल्यानं, रेशनच्या बाईनं. दर वेळी सासू माझ्याआधी सांगायची, तीन. मी कधी दुरुस्त केलं नव्हतं. आताही ती तेच सांगणार, आणि सरकारी नसला तरी हा कागद आहे, मला साहेबांसमोर तिला खोटं पाडावं लागणार, म्हणून मी घाईनं बोलायला गेले. पण तीच आधी बोलली.

"दोगी," सासू म्हणाली. हात पाण्यात, मान खाली. "मी आन ही सून." मग धुतलेली मुंडी बाजूला ठेवून म्हणाली, "पोरगा व्हता. गेला."

साहेबांनी मान हलवली आणि रकान्यात दोन लिहिलं.

माझ्या हातातली मुंडी टबात पडली. मग माझ्या छातीतून काहीतरी आवाज आला, तो माझा आहे हे मला नंतर कळलं. मी रडायला लागले. हात माशाचे, डोळे पुसायची सोय नाही, नाकातून पाणी. ओट्याला टेकून मी लहान पोरीसारखी मोठ्यानं रडत होते आणि मला थांबताच येत नव्हतं. जनी धावत आली. साहेब गडबडून उभे राहिले, पेन हातातच.

"काय झालं? यांना काही लागलं का? कापलं का?"

"काय नाय," सासू म्हणाली. तिनं माझ्या पाठीवर आपला ओला हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. "रडतेय. रडू द्या तिला. तुमी लिवा."